किटलीच्या ठशाचा डूख

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे आणि मी डूख धरून आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुनी वस्तू म्हटली की ती सोशिक असणार, कोपऱ्यात बसून उसासे टाकणार, असं तुम्हाला वाटतं. मी तसला नाही. रबर आहे मी. चार वेळा धुतल्याशिवाय शाई सोडत नाही, तर राग कुठला सोडणार!

माझ्या तोंडावर एक किटली कोरलेली आहे. जेमतेम लिंबाएवढी. तिच्या झाकणाला मूठ नाही. ती का नाही ते सांगतोच, पण त्याआधी माझा जन्म ऐका.

मूळचा मी एका म्हातारीच्या काठीचं बूड. काठी घसरू नये म्हणून खाली रबर लावतात ना, तो मी. म्हातारीबरोबर घरभर टकटक करत हिंडायचो. मग तिने अंथरूण धरलं आणि काठी दाराआड उभी राहिली ती राहिलीच. तिची लेक घरीच शिलाई करायची. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो. एका दुपारी ताईने काठी हातात घेतली, उलटी केली, माझ्यावरून अंगठा फिरवला आणि आईला विचारलं, "आई, हे रबर काढून घेऊ का गं?"

"घे," आई म्हणाली. "मी नाही चालत, तर ते तरी चालू दे पानावर."

ताईने माझी चकती कापली, काचकागदावर घासून गुळगुळीत केली आणि पाठीला दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ चिकटवलं. झाली मूठ! मग टोकदार पात्याने किटली कोरायला बसली. किटलीच का, तर आईला दिवसभर कोमट पाणी लागायचं आणि किटली सारखी शेगडीवर असायची. कोरता कोरता आतून हाक आली, ताई दचकली, पातं सटकलं आणि झाकणाची मूठ उडाली. बोडक्या झाकणाची किटली बघून ताई इतकी हसली, की आतून आईने विचारलं, "काय झालं गं?" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. वर्षं कसली, पाचच महिने, पण खरी नोकरी तीच. ताईकडे गिऱ्हाइकांची मापं लिहायची एक जाडजूड जुनी वही होती. तिच्या एकेका पानावर ताई पांढऱ्या रंगाचा हात मारायची. खालची छाती-कंबर-बाहीची मापं पुसट दिसत राहायची. त्यावर कपड्यांच्या नमुन्यांचे पातळ कागद फाडून चिकटवायची. मग स्टेन्सिल ठेवून स्पंजने निळा रंग टिपायची. आणि सगळ्यात शेवटी मी. नवरदेव शेवटीच येतो!

त्या स्टेन्सिलबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. ती आईच्या छातीच्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेली होती. वाकडी धार आणि खाली तीन थेंब. दिसायला देखणी, पण दोन्ही बाजूंनी चालणारी. उलटी ठेवा, सुलटी ठेवा, बाईसाहेबांचं काही बिघडत नाही. आम्हा ठशांना तोंड एकच. मला तेव्हापासूनच तिचा भरवसा वाटत नसे आणि माझा अंदाज चुकला नाही.

पानावर माझी किटली उजवीकडे ओतायची. तिची धार पुढच्या किटलीत, त्या किटलीची त्याच्या पुढच्या किटलीत, आणि ओळीतल्या शेवटच्या किटलीची धार पान उलटून पुढच्या दिवसात. एका दिवसाचं एक पान. पानावर किटल्या किती, ते मात्र ताईच्या हातात नव्हतं. आई त्या दिवशी जितके घोट पाणी प्यायली तितक्या. कधी एकवीस. कधी नऊ. पुढे पुढे चार, तीन. शेवटच्या पानावर एकच किटली आणि तिच्यापुढे धार नाही. त्या दिवशी ताईने स्टेन्सिल उचललीच नाही.

आता धाकटीकडे येतो. धाकटी म्हणजे ताईची चुलत बहीण. मोठ्या पेठेत चित्रवहीचे वर्ग घ्यायची. विकतचे ठसे, विकतच्या स्टेन्सिल, वर चमकी. आईच्या आजारपणात ती दोनदा आली. दोन्ही वेळा खुर्चीच्या टोकावर बसली आणि दोन्ही वेळा खांद्यावरची पर्स तिने खाली ठेवली नाही. मी शिलाई मशिनवरून बघत होतो.

आई गेल्यावर ती तिसऱ्यांदा आली. वही चाळली आणि तिचे डोळे चमकले.

"अगं ताई, हे तू केलंस? मला दे ना. वर्गात दाखवते आणि दोन दिवसांत आणून देते. ही स्टेन्सिलपण नेते. आणि तो ठसा कुठाय?"

"तो आत्ताच धुतलाय," ताई म्हणाली. "ओला ठसा मी कुणाला देत नाही. रबर सुटतं."

मी खिडकीत तोंड वर करून वाळत पडलो होतो. त्या एका सवयीने मी वाचलो. वही गेली, स्टेन्सिल गेली. जाताना मागे वळूनही बघितलं नाही त्या चपटीने.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. ताईने फोन केला की आधी "आणतेच गं" आणि नंतर नुसतीच घंटी. ताई दुपारची मशिनवर बसायची, पण मशिन चालायचं नाही. मला कोरडा ठणठणीत डब्यात ठेवलेला. काम नाही, शाई नाही, वर रागाने नुसता तडतडत होतो.

मग एक आमंत्रणपत्रिका आली. वाचनालयाच्या सभागृहात चित्रवहीचं प्रदर्शन. पत्रिकेवर छापलेली किटली कुणाची? माझी! तेच बोडकं झाकण! खाली नाव धाकटीचं, आणि त्याखाली ओळ होती: 'काकूच्या उशाशी बसून केलेली चित्रवही'.

ताईने ती ओळ तीनदा वाचली. पत्रिका घडी करून मशिनच्या खणात ठेवली आणि म्हणाली, "जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. काठीचं बूड मी, म्हणजे अख्खा तळपायच की! मला वाटलं, जाऊन त्या बाईच्या कपाळावर उमटावं आणि पुसलंच जाऊ नये. अरे, वही चोरलीस ते चोरलीस, पण उशाशी बसणंही चोरलंस? ताईचे पाच महिने पर्समध्ये घालून नेलेस?

"नुसती पानं बघून येते," प्रदर्शनाच्या दिवशी ताई आपल्याशीच बोलली. आणि निघताना मला रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, चला.

सभागृह भरलेलं होतं. शाळेची मुलं पुढे सतरंजीवर, मागे खुर्च्या. पहिल्या खुर्चीत धाकटीची आई, म्हणजे ताईची काकू, जाड चष्मा लावून कौतुकाने बसलेली. वही टेबलावर उघडी. आणि भिंतीवर चौकटीत, काचेआड, शेवटचं पान. एक किटली, धार नाही. धाकटीने ते पान पात्याने कापून वहीतून काढलं होतं! ताईने ते बघितलं आणि पिशवीवरची तिची मूठ इतकी आवळली, की माझं रीळ करकरलं.

धाकटी बोलत होती छान. काकूचे शेवटचे दिवस, थरथरता हात, डोळ्यांत पाणी वगैरे. बायका डोळे टिपत होत्या. मग ग्रंथपाल उठले. भला माणूस, कानावर पेन्सिल खोचलेली.

"मॅडम, मुलं मुद्दाम आली आहेत. ठसा कोरतात कसा, तेवढं दाखवा की. रबर, पाती, सगळं मांडून ठेवलंय."

"आत्ता? वेळ लागेल हो."

"लागू दे. आम्हाला कुठे घाई आहे?"

मुलांनी टाळ्या पिटल्या. आता नाही म्हणायची सोय नव्हती. धाकटीने रबराचा तुकडा घेतला, त्यावर कार्बन पेपर ठेवला, त्यावर पत्रिका, आणि पेनने किटली गिरवली. जशी छापली होती तशीच, तोंड उजवीकडे. मग कोरायला लागली.

सैल रुमालातून, पिशवीच्या फटीतून मी बघत होतो आणि माझा आनंद मावत नव्हता. मित्रांनो, ठशाची गंमत ठाऊक आहे ना? ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा छाप सुलटी उठते. किटली उजवीकडे ओतायला हवी, तर माझ्या तोंडावर ती डावीकडे ओतते. म्हणून ताई पातळ कागदावर पेन्सिलीने चित्र काढायची, पेन्सिलीची बाजू खाली करून रबरावर ठेवायची आणि नखाने घासायची. चित्र आपोआप उलटं उतरतं. ज्याने आयुष्यात एक ठसा कोरलाय तो ही चूक दुसऱ्यांदा करत नाही. आणि ही बाई म्हणे अख्खी वही करून बसली होती!

कोरून झालं. धाकटीने शाई लावली, ठसा दाबला आणि ऐटीत उचलला. किटलीचं तोंड डावीकडे!

"मॅडम," पुढची एक मुलगी म्हणाली, "वहीतल्या किटल्या तिकडे ओततात. ही इकडे का ओततेय?"

"कलेत चालतं गं असं. स्टेन्सिल उलटी ठेवली की झालं."

आणि ती स्टेन्सिल, आईच्या छातीच्या फिल्मची ती स्टेन्सिल, खुशाल उलटी झाली. धार डावीकडे पडली, मागच्या पानाकडे. धाकटीने ठसा पुन्हा दाबला. पुन्हा तेच. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ग्रंथपालांनी कानावरची पेन्सिल काढली, वहीतली किटली बघितली, नवी बघितली.

"तुमचा वहीतला ठसा आणला नाहीत का?" त्यांनी साधेपणाने विचारलं.

"तो हरवला."

हरवला! मी तिच्यापासून चार खुर्च्यांवर होतो.

ताई उठली. "हरवला नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे."

ती टेबलापाशी गेली. रुमाल सोडला. मला शाईवर टेकवलं, त्या डाव्या किटल्यांच्या शेजारी ठेवलं आणि तळव्याने दाबलं. मी जीव ओतून उमटलो. उजवीकडे तोंड, बोडकं झाकण, एकही रेघ तुटली नाही. ताईने वहीचं पान शेजारी धरलं. मुलांना काही सांगावं लागलं नाही.

"ताई, अगं, मी तुझं नाव सांगणारच होते..." धाकटी पुटपुटली.

"प्रत्येक पानावर किटल्या वेगवेगळ्या का, ते सांग त्यांना," ताई म्हणाली.

"ते... डिझाइन आहे ते."

"आई जितके घोट प्यायली तितक्या आहेत." ताईचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "भिंतीवर जी एक आहे ना, त्या दिवशी तो एक घोटसुद्धा तिला गिळता आला नाही. म्हणून धार नाही. तू ते पान कापलंस."

मग पहिल्या खुर्चीतल्या काकूने चष्मा काढला आणि लेकीला म्हणाली, "दोनदा गेलीस तू. दोन्ही वेळा मीच ढकलून पाठवलं होतं."

काय सांगू मित्रांनो, गारगार वाटलं! धाकटीने अशी मान खाली घातली, की मला तो दिवस पुन्हा पुन्हा छापावासा वाटतो. ताईने भिंतीवरची चौकट उतरवली, वही काखेत मारली आणि आम्ही घरी आलो. धाकटीच्या वर्गातल्या निम्म्या बायका गळाल्या, ही बातमी कळली तेव्हा मी डब्यात एकटाच खूश होतो.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! पण महिन्याभराने धाकटी दारात उभी. आत आली आणि पर्स खाली ठेवली. स्टेन्सिल परत केली. (मी अजून त्या चपटीशी बोलत नाही.) मग खाली बघत म्हणाली, "ताई, मला ठसा कोरायला शिकव."

ताई मशिनवर बसून होती. मी मनात ओरडत होतो, हाकल तिला, हाकल! ताईने खणातून पातळ कागद काढला, तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "पेन्सिलीची बाजू खाली."

सभागृहात कोरलेली ती डावी किटली धाकटीने इथेच ठेवली आणि आता ती माझ्याच डब्यात राहते. ताईने नव्या वहीत आम्हा दोघांना समोरासमोर छापलं, मध्ये एक पेला काढला. मी उजवीकडे ओततो, ती डावीकडे ओतते, दोन्ही धारा एकाच पेल्यात. बघणारे म्हणतात, किती सुरेख! मला रोज त्या नकटीच्या तोंडाकडे बघत उभं राहावं लागतं, ते कोण बघतो?

ताईने माफ केलं. मी केलेलं नाही. धाकटीने मला उचललं की मी अर्धाच उठतो, कधी तोंड गाळतो, कधी बूड. ती कुरकुरते, "ताई, हा माझ्या हातून नीट उमटतच नाही." ताई म्हणते, "जोर कमी लाव." जोराचा काय संबंध!

म्हणून सांगतो मित्रांनो, ठसे वापरून झाले की धुवा, तोंड वर करून वाळवा, ओला ठसा कुणाला देऊ नका. आणि दुसऱ्याच्या वहीला पातं लावू नका. ते शेवटचं पान ताईने परत जागेवर चिकटवलंय. खळ पातळ केली, नखाने कडा दाबली, वर पुस्तकं ठेवली, सगळं केलं. तरी जोड दिसतो. तो जोड दिसायचा थांबला, की मी धाकटीच्या हातून अख्खा उमटेन.