चार किलोची बरणी

ऑनलाइन दुकानाचं सकाळचं पान:
बरणी, झाकणासकट. चाकावर हाताने घडवलेली. घरपोच पाठवण्याचा खर्च वेगळा. तो शेवटच्या पायरीवर दिसेल.

दुपारचं पान:
बरणी, झाकणासकट. चाकावर हाताने घडवलेली. किंमत जरा चढी. घरपोच मोफत.

दोन पानांच्या मधे काय घडलं? भावजयीचा अंगठा. नणंदेला न विचारता.

टिंग.

फोन पालथा घातला म्हणून तो वाजायचा थोडाच राहतो.

"कोण आहे गं?" चाकावरून नणंदेने विचारलं. हात कोपरापर्यंत मातीत.

"कुणी नाही, ताई. जाहिरात."

आणि ती पुन्हा खोक्यांत भरायचा पेंढा कापायला बसली. भट्टी शेडच्या कोपऱ्यात गार पडून होती, दार उघडं. ती बघायला संध्याकाळी एक माणूस येणार होता. पटली तर उचलून नेणार होता. नणंद मग लेकीकडे राहायला जाणार आणि भावजय... भावजयीचं काय, ते कुणी ठरवलंच नव्हतं. या शेडबाहेर तिला कुठलं कामही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर नकोही होतं.

म्हणून अंगठा.

टिंग.

"आज जाहिराती फार येतायत."

"हो ना."

भांडण जुनंच होतं. लोक बरणी टोपलीत टाकायचे, शेवटच्या पायरीपर्यंत यायचे, तिथे पाठवण्याचा खर्च बघायचे आणि भूत दिसल्यासारखे पळायचे. भावजय म्हणायची, खर्च किमतीत घाला, वर मोफत लिहा, फुकट ते पौष्टिक. नणंद म्हणायची, "बरणी माझी आहे, रस्ता माझा नाही. रस्त्याचे पैसे रस्त्याच्या नावानेच घ्यायचे. मोफत लिहिलं की समजावं, कुणीतरी कुठेतरी थाप मारतंय." आणि एकदा म्हणाली होती, ज्या दिवशी तू ते लिहिशील, त्या दिवशी मी चाकावरून उठेन.

टिंग.

नणंद चाकावरून उठली.

हात न पुसताच तिने फोन उलटा केला. पडद्यावर मातीचा अंगठा उमटला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. भावजयीच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली.

"तीन गेल्या," भावजय हळूच म्हणाली. "दुपारपासून तीन, ताई. महिनाभरात एक नव्हती गेली."

"कशाला नाही जाणार. मोफत वाटतायत बाईसाहेब." आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "किमतीत किती घुसडलंयस?"

"कुरिअर घेतो तेवढंच. एक पै जास्त नाही."

"कशावरून?"

"वजनावरून. तुम्हीच सांगितलेलं. चार किलोची बरणी. वर खोक्याचं आणि पेंढ्याचं मी धरते."

"दाखव."

"काय दाखवू?"

"चार किलो दाखव. मग बघू कोण किती खरं ते."

आता तो काटा. चाकाशेजारचा, मातीने माखलेला. आजवर त्यावर बसला तो फक्त ओला गोळा. इतका मळायचा, इतका तोलायचा, चाकावर आपटायचा. भाजलेलं भांडं त्याच्यावर कधी चढलंच नव्हतं. भांडं झाल्यावर त्याला कोण तोलतं? नणंदेने फळीवरची बरणी झाकणासकट उचलली आणि काट्यावर ठेवली, पुरावा ठेवावा तशी.

काटा तीनच्याही जरा अलीकडे थांबला.

तिने बरणी उचलली, काटा हलवला, पुन्हा ठेवली.

तिथेच.

दुसरी बरणी.

तिथेच.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.

"पाणी," नणंद शेवटी म्हणाली. "चार किलो गोळ्याचे. त्यातलं पाणी उन्हात गेलं, भट्टीत गेलं. तासताना माती गेली. आणि मी आपली चार किलोची, चार किलोची..."

भावजयीला कळायला तेवढा वेळ लागलाच. म्हणजे तिचं मोफत चुकीचं होतं. आणि नणंदेचं 'खर्च वेगळा'ही. दोन्ही ओल्या गोळ्याच्या वजनावर. शेवटच्या पायरीवर लोक भूत बघून पळत होते, ते भूत ओलं होतं.

"कुरिअरवाला काही बोलला कसा नाही?"

"वजन सांगितल्यापेक्षा कमी भरलं तर तो कशाला बोलेल? ताई, ते पैसे आपल्याकडे आलेच नाहीत. त्याच्याकडे गेले."

"गिऱ्हाइकाकडून गेले ना? माझ्या शब्दावर गेले ना?"

"भट्टी इथंच का?" दारातून आवाज आला. माणूस आला होता. आत येऊन त्याने भट्टीच्या पत्र्यावर बोटं वाजवली, आत डोकं घातलं. "चांगली राखलीय हो. ओढून न्यायला लागेल, पण जाईल."

भावजयीच्या मनात आलं, झालं. आता हिला तोंड दाखवायची लाज वाटणार, आणि लाजेपायी ही आत्ताच्या आत्ता हो म्हणणार. सगळं माझ्या अंगठ्याने.

नणंद काट्याकडेच बघत होती.

"आत्तापर्यंत किती जणांना गेल्या असतील गं?"

"पुष्कळ. सगळ्यांचे पत्ते आहेत."

"पैसे परत द्यायला आहेत आपल्याकडे?"

"नाहीत."

"माती आहे." तिने काट्यावरची बरणी उचलली, फळीवर ठेवली आणि मळलेल्या मातीचा एक लहानसा गोळा तोडून तिच्या जागी टाकला. "जास्तीच्या किलोमागे एकेक वाटी. ज्याची त्याला. आणि आजच्या तिघांना कळव, किंमत उतरलीय."

माणूस भट्टीतून बाहेर आला. "मग, कधी नेऊ?"

"नाही हो. माझ्याकडे लोकांचं देणं निघालंय. ते भट्टीशिवाय फिटायचं नाही."

"पण आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं. चहा घेऊन जा."

त्याने चहा घेतला नाही. गाडीचं दार जरा जोरातच लागलं.

भावजयीने फोन हातात घेतला. मातीचा अंगठा पुसावा की नाही, ते तिला ठरवता येईना. पुसला नाही.

"ताई, एवढ्या वाट्या जाणार. पाठवायचा खर्च?"

नणंद चाकावर बसली. गोळा आपटला.

"लिही तुझं ते."

"काय?"

"आता माझ्याकडून म्हणवून घेणार का? मोफत."

"आणि पुढच्या बरण्यांचं? मोफत की वेगळा?"

"आधी काट्यावर ठेव," नणंद म्हणाली. चाक फिरायला लागलं होतं. "मग भांडू."