साहेबासाठी मांडलेली खुर्ची

मी एक सागवानी खुर्ची. इंग्रजी अमलात गावाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायला काढलेल्या आमच्या गावच्या लोकसभेने मला मुद्दाम करवून घेतलं. सभासद सतरंजीवर बसत, पण सभेला कधी कलेक्टरसाहेब आलेच तर त्यांना बसायला काय द्यायचं, या चिंतेतून माझा जन्म झाला.

साहेब काही येईनात. दर सभेला मला पुसून मांडत आणि मी रिकामीच राही. समोर भास्करराव वकील अर्जाचा मसुदा वाचत. जंगलाचे नवे कायदे आले होते. रानातल्या ठाकर लोकांना गुरं चारायची, सुकी काटकीसुद्धा उचलायची बंदी होती. अर्ज जात, पोच येई, पुढे काही नाही.

वकिलांचा पुतण्या परशुराम नुकताच पुण्याहून शिकून आला होता. तो एकदा म्हणाला, "काका, अर्जांनी साहेब पाझरले असते, तर भिकाऱ्यांच्या माड्या झाल्या असत्या!"

"दुसरी वाट असेल तर सांग," वकील शांतपणे म्हणाले. "नसेल तर दौत भर."

अखेर एका वैशाखात साहेब आले आणि माझ्यावर टेकले. वकिलांना दोन दिवस ताप होता, तरी ते उभे राहिले. एका हाताने खांब धरून त्यांनी मसुदा वाचायला घेतला.

पहिलं पान संपायच्या आत साहेब म्हणाले, "थोडक्यात सांगा."

वकिलांनी कागद खाली ठेवला. दारात आंबी ठाकरीण उभी होती, तिच्याकडे हात केला.

"थोडक्यात सांगतो. ही बाई एका मोळीपायी कोठडीत होती. घरी पोरं उपाशी. कायद्याने पाहिलं तर चूक हिचीच. पण साहेब, आम्ही हिच्यासाठी माफी मागत नाही. कायदा चुकलाय, एवढंच सांगतो."

साहेब अस्वस्थ होऊन हलले, तशी मी करकरले. मग ते उठून गेले.

पावसाळ्यानंतर हुकूम आला. पडलेलं सुकं लाकूड डोक्यावरून न्यायला मोकळीक मिळाली. गुरांची चराई मात्र बंदच राहिली.

"एवढंच?" परशुराम म्हणाला.

आंबी ओसरीखाली उभी होती. "दादा, एवढ्यावर माझी चूल पेटते की!"

वकील हसले. "आणि चराईचं राहिलंय. परशुराम, कागद घे."

परशुरामाने कागद घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, मला उचलून काकांच्या मागे ठेवलं. "बसून सांगा. मी लिहितो."

पुढे परशुराम जहाल झाला, तुरुंगातही गेला. वकील मवाळच राहून वारले. चराई त्यांच्या हयातीत काही सुटली नाही.

आता मी वाचनालयात असते. माझा एक हात निखळलाय. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं माझ्यावर रेलून हसतात, "हे मवाळ म्हणजे नुसते अर्ज करायचे!"

हसा, बाळांनो. पण एकदा कुणासाठी तरी उभं राहून बघा. मग या आणि निवांत बसा.