पिंकीचं नाव

पिंकी तिसऱ्यांदा नाही म्हणाली, तेव्हा वनमालाबाई तिच्या शेजारी टेकल्या. बीरगांवातल्या त्या दोन खोल्यांत नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या सात बाया राहत होत्या. बाहेर कुणाला पत्ता ठाऊक नव्हता. सव्वीस वर्षं वनमालाबाईंनी हे काम जिवापाड सांभाळलं होतं. आज नवा रायपुरात समाजसेवकांचा गौरव होता आणि त्यात त्यांचंही नाव होतं. संस्थेचे संचालक निरंजन भैया म्हणाले होते, एखादी बाई सोबत आणा, नुसती तुमची शाल बघून देणगी देणाऱ्या पाहुण्यांना काय कळणार?

"मागं बसशीन," बाई म्हणाल्या. "तोंडाले ओढणी राहू दे. नाव कोनी घेनार नाही."

पिंकी त्यांच्या शब्दावर गाडीत बसली.

सभागृहात भाषणांवर भाषणं झाली. बाईंना शाल मिळाली, मानचिन्ह मिळालं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना खुर्ची दिली नव्हती. त्या खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच निरंजन भैयांनी माईक हातात घेतला.

"पिंकी बेटी, खड़ी हो जाओ. ज़रा हाथ दिखाओ."

कॅमेरे मागं वळले. पिंकीनं मंचाकडं पाहिलं. माईक बाईंपासून चार पावलांवर होता. उठावं, तो हिसकून घ्यावा, असं त्यांना वाटलं. पण मांडीवरचं मानचिन्ह सावरत त्या बसूनच राहिल्या. पिंकी उभी राहिली. तिनं बाही वर केली, तशी ओढणी घसरली. भाजलेला हात पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी पेपरात फोटो आला. खाली संस्थेचं नाव आणि बीरगांव. दुपारपर्यंत तिचा नवरा तो पेपर घेऊन दुकानादुकानांत विचारत फिरू लागला. बाईंनी पोलिसांना फोन केला आणि त्या मागच्या दाराकडं धावल्या. पिंकी पिशवी भरून उभी होती.

"कुठं जाऊन राहिली तू?"

"तुमाले नाही सांगत, दीदी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मले शोधू नका."

संध्याकाळी बाईंनी निरंजन भैयांना सगळं सांगितलं. ते हळहळले. मग म्हणाले, पाहुणे फार खूश आहेत, आणखी दोन खोल्या मंजूर झाल्यात.

उरलेल्या सहा जणींना बाईंनी दोन दिवसांत दुसऱ्या पाऱ्यात, लांबच्या एका वस्तीत हलवलं. राजीनामा लिहिला आणि फाडला. या सहा जणींना सोडून जाणार कुठं?

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी एक बाई आणून सोडली. तिचा ओठ फाटलेला होता. उंबऱ्याबाहेरच थांबून तिनं विचारलं, "मी इथं आहो म्हणून त्याले समजनार नाही ना?"

दारातून बाजूला होऊन वनमालाबाईंनी तिला वाट करून दिली.