मुद्दा क्रमांक सहा

बारा दिवस एकच टेबल, तीच माणसं आणि वाढणारीही तीच, असा त्या जहाजाचा नियम होता. ताईला तो आधीपासून ठाऊक होता. मला तो जहाजानं बंदर सोडल्यावर कळला, आणि तेव्हा उतरायची सोय राहिली नव्हती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान, बिनलग्नाचा, आणि तिच्या मते अजूनही हात धरून रस्ता ओलांडून द्यावा असा. मी सोबत चार जाड पुस्तकं घेतली होती. डेकवरची खुर्ची, मांडीवर पुस्तक आणि "काय वाचताय?" असं विचारायला कुणी नाही, एवढीच माझी सफरीची कल्पना. पहिल्याच दिवशी तेरा जणांनी विचारलं. चौदावे गृहस्थ विचारायला थांबले नाहीत, त्यांनी पुस्तक हातातून घेऊन शेवटचं पान वाचलं आणि "ठीक आहे" म्हणून परत दिलं.

आमचं टेबल चौतीस नंबरचं, जेवणाच्या हॉलच्या पार टोकाला, खांबाच्या आडोशाला. ताई आणि मी धरून सहा जण. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांची ही अकरावी सफर होती आणि आधीच्या दहाही हिच्यापेक्षा चांगल्या होत्या. एक पूल बांधणारे ठेकेदार आणि त्यांच्या मिसेस. आणि कमांडर. कमांडरांची सगळी हयात विमा कचेरीत गेली होती, पण जहाजावरच्या दुकानात त्यांना सोनेरी दोरीची टोपी मिळाली आणि तेव्हापासून ती बहुधा फक्त आंघोळीपुरती उतरत होती.

आमची वाढपी पन्नाशीकडे झुकलेली, चटपटीत, कमी बोलणारी बाई होती. दुसऱ्या दिवसापर्यंत मिसेसना मिरी चालत नाही, ताईला पाणी कोमट लागतं, हे सगळं तिला पाठ झालं. मला पावाचं टोक आवडतं हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळपासून ते न मागता माझ्या बशीत येऊ लागलं.

जेवण सुरू कसं व्हायचं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. ती सूपचं मोठं भांडं घेऊन आली की बाई हात वर करत. जेवणाआधी एक चांगला विचार, दोनच मिनिटं. विचार चालू असताना डाव भांड्याला लागलेला बाईंना खपत नसे. विचार संपला की कमांडर फोटो काढत. "हलू नका! ताई, हनुवटी! ठेकेदार, पोट आत!" फोटो झाला की ठेकेदारांना पुलाची आठवण येई. ती बिचारी डाव हातात धरून उभी. ठेकेदारांचा पूल एका काठावरून दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत तिला वाकून वाढताही येत नसे, कारण ते दोन्ही हात पसरून खांबांमधलं अंतर दाखवत असत.

मग सूप वाढलं जाई. मग पहिला घोट. मग बाई म्हणत, "गार."

"गारढोण," ताई म्हणे.

"मागच्या जहाजावर ओठ भाजायचे," बाई म्हणत, आणि मंडळींचे चेहरे खुलत. तक्रार हाच आमच्या टेबलाचा खरा जेवणाचा पदार्थ होता. उशी मऊ, गादी कडक, समुद्र फार निळा, गाणारी फार मोठ्यानं गाते. मला वाटे, मी उठून जावं. पण उठायचं म्हणजे "मला जरा..." असं काहीतरी बोलावं लागतं, आणि ते वाक्य पुरं कसं करायचं हे मला कधीच सुचलेलं नाही.

चौथ्या दिवशी ताईनं घोळ घातला. "आमच्या धाकट्याला सांगा की! छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात पत्रं लिहिलीत यानं. मोठमोठे साहेब याच्याकडून लिहून घ्यायचे."

"भाऊ, आणि तुम्ही गप्प?" बाई म्हणाल्या. "लिहा हो एक सणसणीत."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात कमांडरांनी पेन पुढे केलं.

छत्तीस वर्षं मी पत्रं लिहिली हे खरं, पण ती तक्रारींची उत्तरं होती. "आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." एवढं लिहून आम्ही फाईल बांधत असू. कार्यवाही झालेली मी एकदाही पाहिली नाही. त्यामुळे दोन गोष्टी माझ्या अंगात भिनल्या होत्या. कुठल्या तक्रारीतून सुटता येत नाही हे मला बरोबर ठाऊक होतं. आणि तक्रारीनं काही होत नाही, याची मला पक्की खात्री होती.

मी पाच मुद्दे काढले. तारीख, वेळ, टेबल क्रमांक. आम्ही कधी बसलो, सूप ताटलीत कधी पडलं, मधली मिनिटं, सलग चार दिवसांची. घड्याळ मी रोज पाहत होतोच, सुटका कधी होते म्हणून. ती मिनिटं कशात गेली हे मात्र लिहिलं नाही. लिहिताना ते मनात आलं होतं. पण विचार, फोटो आणि पूल घातले असते तर पत्राची बांधणी बिघडली असती.

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "वा! काय लिहिलंय! एक काना इकडचा तिकडे नाही." माझं लिहिलेलं कुणी मोठ्यानं वाचल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. मी खाली मान घालून पावाचं टोक खात राहिलो. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. सगळ्यांनी सह्या केल्या.

दुसऱ्या संध्याकाळी एक उंच, मख्ख माणूस सूप घेऊन आला. पावाचं टोक आलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी पुस्तक घेऊन आडबाजूला जागा शोधत होतो, तर ती जिन्याचे पितळी कठडे पुसताना दिसली. मी न बोलता पुढे गेलो असतो. तिनंच मान वर केली.

"टोक देतात का हो नवीन?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही... इकडे कशा?"

"उद्या दुपारी बंदर लागतं ना. तिथे उतरवणार मला. तोवर कठडे." ती फडकं पिळत म्हणाली. "पाच महिने बाकी होते अजून. असं मधेच उतरवलं की पुन्हा कुठलं जहाज घेत नाही. टेबलावरून पत्र गेलंय. मॅनेजर म्हणाले, बारा वर्षांत असं पत्र पाहिलं नाही. मिनिटांसकट. कुणी लिहिलं कोण जाणे, फार हुशार माणूस असणार."

मी पुस्तक कठड्यावर टेकवलं आणि उगाच बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"तुम्ही नसणार," ती म्हणाली. "तुम्ही तर कधी काही बोलतच नाही."

मी तिथून निघालो. निघालो म्हणजे पळालो. दोन मजले चढल्यावर ध्यानात आलं, की पुस्तक कठड्यावरच राहिलंय.

दुपारच्या जेवणाला मी सांगून टाकलं. माझं बोलणं कुणी मधे तोडलं नाही, इतका तो प्रकार नवा होता.

"अगं बाई! काढलं?" ताई म्हणाली. "आपण सूपबद्दल लिहिलं होतं ना?"

"मी फक्त सही केली," ठेकेदार म्हणाले. "वाचलं पण नव्हतं."

"वाचलं मी होतं," बाई म्हणाल्या, "पण लिहिलं कुणी?"

पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग आता मागे घेतो म्हणून लिहा," कमांडर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

मी खोलीत जाऊन चार ओळी लिहिल्या. आमची तक्रार आम्ही मागे घेत आहोत, वाढपी बाईंना कामावर ठेवावं, खाली सह्या. तो कागद घेऊन मी संध्याकाळपर्यंत जहाजभर हिंडलो. कमांडरांना 'मागे घेणे' पटेना. "आपण मागे हटत नसतो हो. 'पुनर्विचार' लिहा." बाईंनी तीन शब्दांखाली लाल रेघ ओढली. ठेकेदार म्हणाले, मॅनेजरकडे कागद जातोच आहे तर त्यांच्या खोलीतल्या एसीच्या घरघरीचंही टाका. ताईनं उशी घातली. मिसेस सबंध सफरीत पहिल्यांदाच बोलल्या, त्या म्हणाल्या, "मिरी." रात्रीच्या जेवणापर्यंत त्या माघारीच्या कागदावर सात नव्या तक्रारी होत्या आणि सही एकाचीही नव्हती. मी हात टेकले. मी कागदाची घडी घालून खिशात टाकली. या लोकांना घेऊन कुणी पूल कसा बांधला, हे मला तेव्हा खरोखर विचारायचं होतं.

मॅनेजर सकाळी दहा ते अकरा पाहुण्यांना भेटत. सातव्या दिवशी सकाळी मी नाश्ता न करता, कागद न घेता गेलो. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी दार त्यांनीच उघडलं. बाहेर कोण येरझाऱ्या घालतंय हे त्यांना पाहायचं होतं.

मॅनेजर चाळिशीचे, थकलेले, सभ्य गृहस्थ होते. समोर नुकताच आणलेला कॉफीचा कप, वाफ निघत होती. माझं पत्र प्लास्टिकच्या फाईलमध्ये होतं, तिसऱ्या मुद्द्याखाली पिवळी रेघ.

"हे मी लिहिलंय," मी म्हणालो. "ते... बरोबर नाही."

"यात चूक काय आहे?" त्यांनी विचारलं. "वेळा खोट्या आहेत का?"

"नाही. वेळा खऱ्या आहेत."

"मग साहेब, माझ्या हातात काय राहतं? अशा पत्रावर काही केलं नाही तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

छत्तीस वर्षं मी जे पत्र कुणी लिहू नये म्हणून देवाचा धावा केला, तेच मी लिहून बसलो होतो.

"एक मुद्दा राहिला," मी म्हणालो. "सहावा." आणि मग मी बोललो. वाक्यं अर्धवट सुटत होती, पण बोललो. विचार, फोटो, पूल. ती डाव घेऊन उभी असते. एकदा अकरा मिनिटं. घड्याळ मीच पाहिलं. लिहिलं नाही तेही मीच.

त्यांनी पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं. "बाकीचे याला दुजोरा देतील?"

तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. "इथे बसलाय होय! नाश्त्याला खुर्ची रिकामी, मला वाटलं पडला पाण्यात!" तिच्यामागे बाई, ठेकेदार, मिसेस आणि टोपी.

"हे म्हणतात," मॅनेजर म्हणाले, "की सूपला उशीर तुमच्यामुळे होतो."

"आमच्यामुळे?" बाई म्हणाल्या. "माझी दोनच मिनिटं असतात. उशीर यांच्या पुलामुळे."

"पूल? पूल तीन वाक्यांत संपतो! त्या पुलाच्या वेळी काय झालं होतं, साहेब..."

"पाहा! पाहा, सुरू झाले!"

"फोटोला मी फक्त एकदा म्हणतो, हलू नका," कमांडर म्हणाले. "ताई हलतात."

"मी हलते? माझी मान दुखते हो, तुमच्या त्या उशीनं! साहेब, उशीचं काय ते आधी बघा."

ठेकेदारांनी हात पसरले. पहिला खांब टेबलाच्या या टोकाला रोवला, दुसरा मॅनेजरांच्या कानाजवळ. मॅनेजर खुर्ची मागे सरकवत गेले. दोनदा त्यांनी तोंड उघडलं, दोनदा बाईंनी हात वर केला. मी कोपऱ्यात उभा होतो आणि सवयीनं घड्याळ पाहत होतो.

पूल एकदाचा पलीकडे पोचला. मॅनेजरांनी कपाला बोट लावलं. मग उचलून एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"किती झाली?" त्यांनी मला विचारलं.

"चौदा," मी म्हणालो.

त्यांनी फाईलमधून माझं पत्र काढलं, त्यावर दोन शब्द लिहून सही केली आणि ते खणात टाकलं. "त्यांना उतरवत नाही, त्या चौतीसलाच राहतील," ते म्हणाले. "तसंही त्या टेबलावर जायला दुसरं कुणी तयार होत नाही. कालच्या माणसानं आज सुट्टी मागितली आहे. फक्त एक करा. सूप समोर आलं की आधी जेवा."

दुपारी बंदर आलं आणि गेलं.

त्या संध्याकाळी टेबलावर कुणी बोललं नाही. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. कमांडरांचा कॅमेरा खोलीत होता. ठेकेदार सुरीनं टेबलक्लॉथवर काहीतरी आखत होते, बहुधा पूलच. ती आली, भांडं ठेवलं, आणि दोन मिनिटांत सहाही ताटल्या भरल्या. माझ्या बशीत पावाचं टोक ठेवलं आणि त्याच्या बाजूला कठड्यावर राहिलेलं माझं पुस्तक.

सूप नुसतं उकळत होतं. बुडबुडे दिसत होते. कमांडरांनी फुंकर घातली, टोपीची सोनेरी दोरी ओली व्हावी इतकी वाफ आली. ताईनं चमचा ओठांशी नेऊन परत ठेवला.

"हे काय!" बाई म्हणाल्या. "हे प्यायचं कसं माणसानं? कळवायला हवं हं हे."

"लेखी," ठेकेदार म्हणाले.

पाचही जण माझ्याकडे वळले. ती डाव हातात घेऊन माझ्या खुर्चीपाशी उभी होती. पत्र कुणी लिहिलं ते तिला मॅनेजरांनी सांगितलं असणार, कारण ती हळूच म्हणाली, "सर, बघा बरं गरम आहे का. तोंडीच सांगा. लेखी नको."

मी चमचा भरला आणि सरळ घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"उत्तम आहे," मी म्हणालो.

पुढचे दोन दिवस मला कशाचीच चव लागली नाही. पावाच्या टोकाचीसुद्धा. तरी मी ते रोज खाल्लं.