माईकवाल्याचा हात

शाळेच्या पालकसभेत माईकवाल्याकडे दोन कामं होती. एक, स्टेजच्या कडेला उभं राहून आवाज सांभाळणं. दुसरं, लेक तिसरीत असल्यामुळे पालक असणं. हे दुसरं काम तो नेहमी विसरायचा.

ॲम्प्लिफायर हॉलच्या मागे मेहुण्याच्या ताब्यात. दोघांची खूण ठरलेली. दाजींनी हात वर केला की आवाज वाढवायचा, खाली दाबला की कमी करायचा.

विषय होता, परदेशातून कामाला आलेल्यांच्या मुलांना आपल्या मुलांच्याच वर्गात बसवायचं, की मागच्या सामानाच्या खोलीत त्यांचा वेगळा वर्ग काढायचा.

"शिकलं तर सगळ्यांनीच पाहिजे!" एक काका उठून म्हणाले. टाळ्या पडल्या. "पण एकाच बाकावर?" त्यांनीच पुढे विचारलं. यालाही तेवढ्याच टाळ्या पडल्या.

मोठ्या बाई वैतागल्या. "वेगळा वर्ग हवा त्यांनी हात वर करा बघू."

कुणी करेना. मनातून पुष्कळांना हवा होता, पण पहिला वाईट कोण होणार? सगळे एकमेकांच्या काखेकडे बघत बसले.

पुन्हा विचारताना बाईंचा आवाज बसला. माईकवाल्याने सवयीने हात वर केला.

स्टेजवरचा हात, अख्ख्या हॉलला दिसला. काका सुटले, मागोमाग काकू, मग रांगाच्या रांगा. मेहुण्यानेही इमानदारीत आवाज वाढवला आणि बाईंचं "मंजूर!" कानठळ्या बसवून गेलं.

माईकवाल्याने घाबरून हात खाली दाबला. आवाज पार बंद झाला. "अहो, माझा हात..." तो ओरडला, पण खुर्च्यांच्या खडखडाटात कोण ऐकतंय? काकांनी येऊन पाठ थोपटली. "बरं झालं, तुम्ही सुरुवात केलीत!" त्याने 'नाही हो' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून 'हॅ हॅ' बाहेर पडलं.

वायरी गुंडाळताना मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही एवढे कडक असाल असं वाटलं नव्हतं हां."

"गप रे! आवाजासाठी केला होता."

"मग काकांना का नाही सांगितलं?"

माईकवाल्याने तीच वायर उलगडून पुन्हा गुंडाळली.

सकाळी तो शर्ट घेऊन खाली इस्त्रीवालीकडे गेला. तीही परदेशातूनच आलेली. तिची चिमणी त्याच्या लेकीची जिवलग मैत्रीण, यंदा त्याच शाळेत जाणार होती.

"दादा, काल सगळ्यांच्या आधी तुमचा हात वर होता म्हणे!" इस्त्रीवाली हसून म्हणाली. "मला वाटलंच होतं, आमच्या बाजूने कुणी उठलं तर तुम्हीच. चिमणीने तर दोघींचं बाकसुद्धा ठरवून टाकलंय."

ती कॉलर अशी प्रेमाने दाबत होती की माईकवाल्याला शर्ट सोडून पळून जावंसं वाटलं.

"ताई, तो हात... वेगळ्या वर्गासाठी मोजला गेला." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पाठ थोपटल्याचं तेवढं गाळलं.

तिचा हात थांबला. "वेगळा वर्ग म्हणजे कुठे?"

"मागे. सामानाच्या खोलीत."

"खिडकी आहे?"

"नाही."

"पंखा?"

"मी बसवतो ना! माझ्याकडे एक पडूनच..." बोलता बोलता त्याची त्यालाच लाज वाटली.

"पंखा ठेवा तुमच्याकडे. बाईंना फोन लावा."

"आत्ता?"

"इथेच. मला ऐकू येईल असा."

त्याने लावला. "बाई, कालचा माझा हात मोजू नका. चुकून वर गेला."

"अहो, तुमचा एक वजा केला तरी बाकीचे उरतातच की!" बाई हसल्या. "आणि चुकून गेला तर तेव्हाच का नाही बोललात?"

इस्त्रीवाली त्याच्याकडेच बघत होती.

"सगळे पाठ थोपटत होते, बाई," तो म्हणाला. "बरं वाटत होतं."

पलीकडे कुणी हसलं नाही.

"पुन्हा सभा बोलवा. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

"बोलवते. पण लोक ऐकतीलच असं नाही हं."

फोन बंद झाला. इस्त्रीवालीने शर्टाची घडी घातली. एक बाही कडक, दुसरी चुरगळलेली.

"अजून अर्धा राहिलाय, ताई."

"तो सभेनंतर," ती म्हणाली आणि पुढचा कपडा घेतला.