डोलकाठी तोडली, मग?

दहिसरच्या चाळीत सहदेव कुबलच्या घरी टीव्हीखालचं कपाट पुस्तकांचं होतं. सतरा इंग्रजी पुस्तकं, सगळी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, सगळी समुद्राच्या गोष्टींची. सहदेवला इंग्रजी येत नव्हतं; मराठी अक्षरंच तो चाळिशीत शिकला. पण ऐन तारुण्यात त्याने देवगडच्या गलबतांवर खलाशी म्हणून काम केलं होतं, आणि वीस वर्षं तो वाकोल्यापासून बोरिवलीपर्यंत रद्दीची दुकानं उपसत होता. पुस्तक पारखायची त्याची रीत एकच. चित्रातला वारा बघायचा.

"शिडं पुढे फुगलीत नि निशाण मागे उडतंय? एका जहाजाला दोन वारे?" तो रद्दीवाल्याला म्हणे. "ह्याने समुद्र बघलेलोच नाय. ठेव तुझ्याकडे."

सतराव्या पुस्तकात मात्र एकूण एक चित्रात वारा बरोबर होता. नात श्वेता दर रविवारी एक प्रकरण वाचून मराठीत सांगायची. गोष्ट वादळापर्यंत आली. जहाज एका कुशीवर कललं, कप्तानाने डोलकाठी तोडायचा हुकूम दिला, कुऱ्हाड उचलली गेली, आणि श्वेता थांबली.

"आजोबा, पुढची पानं कडेला जोडलेलीच आहेत. कापलीच नाहीत कुणी."

तिने फोटो काढून जुन्या पुस्तकांच्या एका ग्रुपवर टाकला. शनिवारी सकाळी मुलुंडहून अनंत कर्णिक हजर. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, खिशात सुती हातमोजे. त्यांच्याकडे अशी दोनशे पुस्तकं होती. त्यांनी पुस्तक लहान मूल घ्यावं तसं हातात घेतलं.

"अहो कुबल, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? पूर्वी छापलेला कागद घडी घालून तसाच शिवायचे. वाचणाऱ्याने पानं कापायची. म्हणजे सव्वाशे वर्षांत हे पुढे कुणी वाचलेलंच नाही! अशी अस्पर्शित पानं मी आजवर पाहिली नाहीत. कृपा करा, सुरी लावू नका."

"सव्वाशे वर्षं ते जहाज वादळात तसंच आडवं पडलंय," सहदेव म्हणाला, "आणि तुम्ही म्हणता, पडू दे?"

आतून सहदेवची बायको सुलक्षणा चहा घेऊन आली. "त्यांका मामाची गोष्ट सांगा एकदाची. नायतर ते म्हणतले, म्हातारो हट्टी."

मग सहदेवने सांगितली. त्र्याहत्तर साल. विजयदुर्गाबाहेर कौलांनी भरलेलं गलबत असंच कुशीवर पडलं होतं. तांडेल, म्हणजे गलबताचा कप्तान, सख्खा मामा नंदकुमार. वीस वर्षांचा सहदेव कुऱ्हाड घेऊन ओरडला, काठी तोडूया! मामाने कुऱ्हाडच समुद्रात फेकली. गलबत उलटलं. पाचही माणसं वाचली, गलबत गेलं. तेव्हापासून दर गणपतीत गावी मामा-भाच्याचं तेच भांडण. मामा म्हणे, काठी तोडली असती तर तिनेच ठोकून फळ्या फोडल्या असत्या. भाचा म्हणे, गलबत सरळ झालं असतं.

"मामा आता नव्वदीचा आहे. दोघांतलं कोण बरोबर, ते ह्या पानांत असेल. चित्रातला वारा खरा आहे, म्हणजे लिहिणारा समुद्रावर गेलेला माणूस."

कर्णिकांनी पुस्तक उघडून चित्रातलं निशाण पाहिलं, मग शिडं. चहा गार झाला. सहदेवने खिशातली जाळी कापायची सुरी काढली तसे ते दचकले.

"ती नको! धारेने कागद वेडावाकडा जातो. वहिनी, लोणी लावायची बोथट सुरी आहे का?"

"आहे की," सुलक्षणा हसली. "म्हणजे तुम्हालाही राहवत नाही तर."

कर्णिकांनी घडीत सुरी सरकवली. खस्स करून पान सुटलं. ते वाचत मराठीत सांगू लागले. काठी तुटून समुद्रात पडली, दोरांना लोंबकळत जहाजाच्या अंगावर आदळू लागली.

"मामा बरोबर," सहदेव पुटपुटला.

"थांबा हो. खलाशी एकेक दोर तोडतात. कप्तान ओरडतो, जहाजाच्या नाकाडाला बांधलेला तेवढा एक राहू द्या! वारा जहाजाला मागे रेटतो, काठी पुढे पाण्यात राहते, दोर ताणतो, आणि जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळतं. लाटा कुशीवर बसत होत्या, त्या आता समोर फुटतात."

सहदेव उभाच राहिला. पन्नास वर्षांत हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याने लगेच गावी फोन लावला.

"मामा, काठी तोडूची होती. पण नाकाडाचो एक दोर ठेवूचो होतो."



"ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"पुस्तकात आसा."

"चित्रातलो वारो बघलंस?"

"बघलंय. खरो आसा."

"मगे अर्धो तू बरोबर, अर्धो मी," मामा म्हणाला. "पन्नास वर्सांनी सांगतंस, मेल्या! आणि पुढे काय झाला? किनाऱ्याक लागले काय ते?"

सहदेवने कर्णिकांकडे पाहिलं. हातमोजे काढून ठेवून ते पुढची घडी कापायला कधीच लागले होते.