मोतीबाईंनी धरलेला हात

ग्रामसभा सकाळी दहाची होती. मोतीबाईंनी भाकऱ्या उरकल्या आणि सुनेला बजावलं, "हर्षला, आज गप बसायचं. सगळ्यांनी हात वर केला की आपणबी करायचा. माज्या अक्षदाचं शेलू गावचं स्थळ ठरत आलंय."

हर्षलाने मान हलवली. बाळंतपणानंतर ती खाईना, झोपेना, लेकराला जवळ घेईना. भगताकडे दोन महिने फेऱ्या झाल्या. शेवटी गावाबाहेरच्या जुन्या भातगिरणीत सुरू झालेल्या मानसिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंच्या औषधांनी ती माणसात आली. गावाला मात्र सांगितलं होतं, सून खालापूरला शिवणक्लासला जाते.

सभेत सरपंच साईनाथने ठराव वाचला. मानसिक आरोग्य केंद्र गावातून हलवावं.

"उद्या एखादा येडा पोरींच्या अंगावर धावला तर?" तो म्हणाला. "ज्यांना हे मान्य हाय, त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर गेले. कोणीतरी मागून म्हणालं, "मोतीबाय, तुमचा हात कुटं हाय?"

मोतीबाईंचा हात मांडीवरून उचलला जाईना. तेवढ्यात शेजारी बांगड्या वाजल्या. हर्षला खाली बघत स्वतःचा हात वर नेत होती.

मोतीबाईंच्या मनात आलं, जिथे पोर जगली, ती जागा बंद करायला आपण तिलाच हात वर करायला लावतोय. त्यांनी तिचं मनगट धरलं, हात खाली घेतला आणि ठराव लिहिणाऱ्या ग्रामसेवकाकडे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, माजा विरोध लिवा. माजी सून तितं औषध घेते. वरीस झालं. तुमच्यातल्या कुणाच्या अंगावर धावली ती?"

साईनाथने कागदाची घडी घातली. "पुढच्या सभेत बघू," एवढंच तो म्हणाला.

बातमी दुपारच्या आत शेलूला पोचली. मुलाकडच्यांचा फोन आला, "घरात येडी हाय, हे सांगितलं नाय तुमी."

"आजारी व्हती. लपवलं ही माजी चूक. आता बरी हाय, येऊन बगा," मोतीबाई म्हणाल्या. पलीकडून फोन ठेवला गेला.

अक्षदा दारात उभी होती. डोळे लाल झाले होते. "आय, वहिनीसाठी बोललीस. माजा इचार केलास का गं?"

मोतीबाईंनी लेकीला जवळ बसवलं.

"केला ना. उद्या तू बाळंत झालीस आणि तुला असंच झालं, तर तुज्या सासूनं कुठला हात वर करावा, सांग."

अक्षदाने डोळे पुसत घरात पाहिलं. आत हर्षला लेकराला भरवत होती.